ताई, या बर्गरमधून रक्त कसं येतं?

मागच्या अंकात सोया वड्यांवर एक छोटं उत्तर दिलं होतं आणि त्यात जाता जाता अमेरिकेतल्या 'अगदी मांसासारख्या' व्हेज बर्गरचा उल्लेख केला, तर या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त त्या बर्गरबद्दलच आहेत. म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. नावं नेहमीसारखी छापत नाहीये, फक्त गावं.

प्रश्न (पुणे): ताई, आमचं घर माळकरी. मुलगा नोकरीला न्यू जर्सीला आहे, तो फोनवर म्हणाला की तिकडे इम्पॉसिबल बर्गर म्हणून मिळतो तो पूर्ण वनस्पतींचा असतो. पण त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवला तर आतून गुलाबी, दाबला की लाल पाणी सुटतं! मला तर बघवेना. खरंच शाकाहारी आहे का हे?

काकू, तुमची शंका अगदी बरोबर आहे, कारण तो बर्गर बनवलाच आहे तसा दिसावा म्हणून. अमेरिकेत साधा व्हेज बर्गर 1980 च्या दशकापासून मिळतोय, भाज्या-धान्याचा, पण तो शाकाहारी लोकांसाठी होता. स्टॅनफर्डमधले बायोकेमिस्ट पॅट्रिक ब्राउन यांनी 2011 मध्ये इम्पॉसिबल फूड्स काढली ती बीफ खाणाऱ्या माणसासाठी. त्याला मांसच हवंय ना, मग मांसाला मांसाची चव कशामुळे येते तेच शोधू, असा तो विचार होता, आणि त्यांना सापडलेलं उत्तर म्हणजे हीम. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जो लोह असलेला लाल भाग असतो ना, तोच. तव्यावर तापला की त्याच्यामुळे मांसाचा तो खास वास-चव तयार होते.

आता हे हीम वनस्पतीत कुठून आलं? तर तुमच्या ओळखीत कोणी शेतकरी असेल त्याला विचारा. सोयाबीन फुलोऱ्यात असताना एक झाड मुळासकट हळूच उपटायचं, मुळावर बारीक गाठी असतात, त्यातली एक नखाने फोडायची, आतून गुलाबी-लाल निघते. लाल असेल तर गाठ नीट काम करतेय, हवेतला नत्र पिकाला देतेय, असं शेतकऱ्यांना सांगितलंच जातं. भुईमुगाच्या गाठीतही तेच. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे हीम असलेल्या, आपल्या हिमोग्लोबिनसारख्या एका प्रोटीनचा. म्हणजे मुलाच्या बर्गरमधलं 'रक्त' हे सोयाबीनच्या मुळातलं आहे, कुठल्या जनावराचं नाही.

फक्त ते मुळं खणून काढत नाहीत, तेवढ्याने भागणारच नाही. सोयाबीनमधला तो जीन यीस्टमध्ये घालतात आणि मोठ्या टाक्यांमध्ये यीस्ट वाढवून त्याच्याकडून ते प्रोटीन करून घेतात. मधुमेहाचं इन्सुलिन पण असंच यीस्टकडून किंवा बॅक्टेरियाकडून करून घेतात, त्यामुळे पद्धत नवी नाही. बाकी त्यात सोया प्रोटीन, खोबरेल तेल, सूर्यफुलाचं तेल आणि बांधून ठेवायला मिथाइलसेल्युलोज असतं. यातलं प्राणिज काहीच नाही.

पण माळकरी घर म्हणून विचारताय तर दोन-तीन गोष्टी मुलाला नक्की सांगा. एक, पॅटी वनस्पतीची असली तरी सँडविच तसं असेलच असं नाही, त्यात मेयोनीज असतं आणि तिकडच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं. दोन, ग्रिल. बर्गर किंगने 2019 मध्ये अमेरिकाभर इम्पॉसिबल व्हॉपर आणला, तो बीफ ज्या ग्रिलवर भाजतात त्याच ग्रिलवर भाजला जातो, वेगळा हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय असते, तिकडे असा सरकारी ठिपका नसतो. तिसरी गोष्ट लपवून ठेवणं मला पटत नाही म्हणून सांगते, हे हीम सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी कंपनीने उंदरांवर चाचणी केली होती आणि ब्राउन यांनी स्वतः ते जाहीरपणे मान्य केलंय. काही लोकांना त्यानंतर तो खावासा वाटला नाही. तुमच्या मुलाने काय ठरवायचं ते त्याने ठरवावं, पण सगळं माहीत असून ठरवावं. हीम नको असेल तर बियॉन्ड मीट या दुसऱ्या कंपनीचा बियॉन्ड बर्गर मिळतो, त्यात वाटाण्याचं प्रोटीन असतं आणि लाल रंग चक्क बीटाचा.

आणि खरं सांगू का काकू, जो मुलगा जन्मापासून मांस खात नाही त्याला मांसाच्या चवीची नक्कल कशाला हवी? त्याला आवडत असेल तर जरूर खाऊ दे, पण तो बनलाय दुसऱ्याच माणसासाठी.

प्रश्न (कोल्हापूर): वय 54. डॉक्टरांनी मटण कमी करा म्हणून सांगितलंय, कोलेस्टेरॉल वाढलंय. आता हे वनस्पतीचं मटण मिळतं म्हणतात तर त्याचा तांबडा रस्सा होईल का?

दादा, हा बर्गर ज्याच्यासाठी बनलाय तो माणूस तुम्ही! पण रस्सा होणार नाही. म्हणजे रंग येईल, तिखट येईल, कट येईल, पण तांबड्या-पांढऱ्याची जी खरी चव आहे ती हाडातून आणि चिवट भागातून येते, तासभर शिजून ते सगळं पाण्यात उतरतं तेव्हा अळणी होतं आणि त्या अळण्यावर पुढचा सगळा खेळ. वनस्पतीच्या तुकड्यातून उतरायला काही नसतंच, उलट तो रस्सा शोषून घेतो आणि रस्सा पातळ-फिका लागतो. मी करून बघितलाय, दोनदा, म्हणून खात्रीने सांगतेय.

आता सगळ्या कंपन्यांनी सुरुवात बर्गरपासूनच का केली तेही यात कळतं. मांसाचा अख्खा तुकडा म्हणजे लांब लांब धागे, त्यांच्यामध्ये चरबी, पापुद्रे, हे वनस्पतीपासून जसंच्या तसं जमवणं फार अवघड. बर्गर म्हणजे खिमाच, धागे आधीच तुटलेले, त्यामुळे नक्कल सोपी पडते. म्हणून तुमच्यासाठी सल्ला असा की रस्सा सोडा आणि खिमा धरा. सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोन पाण्यात घट्ट पिळून घ्यायचे (पिळण्यात आळस केला की तो कच्चा वास राहतो आणि मग लोक सोयालाच नावं ठेवतात), कांदा नीट लालसर होईपर्यंत परतायचा, आलं-लसूण, तुमचा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, हिरवे वाटाणे, आणि शेवटी लिंबू. पावाबरोबर खाताना सांगितलं नाही तर निम्म्या लोकांना कळत नाही. आठवड्यातल्या दोन मटणांपैकी एकाच्या जागी हे बसवा आणि उरलेलं एक मटण मनापासून, हाडासकट खा, अर्थात डॉक्टरांना विचारून.

प्रश्न (ठाणे): जिमला जातो. हे पॅकेटमधले प्लान्ट बेस्ड बर्गर हेल्दी आहेत का? प्रोटीन किती? आणि सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात हे खरं का?

शेवटच्यापासून सुरू करते कारण हा प्रश्न दर महिन्याला येतो. नाही बिघडत. सोयात आयसोफ्लेव्होन असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनशी थोडी मिळतीजुळती आहे म्हणून ही भीती पसरली, पण पुरुषांवर झालेले बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या लोकांनी: सोयाची ॲलर्जी असलेल्यांनी, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया एकत्र घेऊ नये, मधे काही तासांचं अंतर ठेवावं, कारण गोळी नीट शोषली जात नाही.

आता आकडे. इम्पॉसिबलची 2019 ची जी रेसिपी होती त्यात 113 ग्रॅमच्या पॅटीत प्रोटीन 19 ग्रॅम, साधारण बीफइतकंच, कोलेस्टेरॉल शून्य, आणि मांसात जे अजिबात नसतं ते फायबर 3 ग्रॅम. इथपर्यंत छान. पण सॅच्युरेटेड फॅट 8 ग्रॅम, म्हणजे बीफच्या जवळपासच, कारण खोबरेल तेल. आणि सोडियम 370 मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मीठ नुसत्या पॅटीत, त्यावर पाव, चीज, सॉस, फ्राइज वेगळे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणते. कंपन्यांना पण हे कळलंय, बियॉन्डने 2024 मध्ये खोबरेल काढून ॲव्होकाडोचं तेल घातलं आणि सॅच्युरेटेड फॅट 2 ग्रॅमवर आणलं. त्यामुळे पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचायची, दरवेळी, कारण रेसिपी बदलत राहते.

हेल्दी आहे का, याचं उत्तर एकच प्रश्न विचारल्याशिवाय देता येत नाही: तू हा कशाच्या जागी खाणार आहेस? स्टॅनफर्डमध्ये 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 36 जण, आठ आठवडे त्यांनी मांस खाल्लं आणि आठ आठवडे त्याच्या जागी वनस्पतीचे पर्याय, तर पर्याय खाताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी झालं आणि रक्तातलं टीएमएओ नावाचं हृदयविकाराशी जोडलेलं रसायन पण कमी झालं. (अभ्यासाला पैसे बियॉन्ड मीटने दिले होते, हे लक्षात ठेवून वाचायचं, पण करणारे संशोधक नावाजलेले आहेत आणि पद्धत चांगली आहे.) म्हणजे रोज मांसाचा बर्गर खाणाऱ्याला फायदा आहे. पण तू जर घरची मटकीची उसळ, भाकरी, ताक बाजूला ठेवून हा बर्गर खाणार असशील तर तुझा तोटा आहे, मीठ वाढेल, तेल वाढेल, पैसे जातील. आणि जिमसाठी प्रोटीनच हवं तर सोया वडी घे ना, सुक्या 100 ग्रॅममध्ये साधारण 52 ग्रॅम प्रोटीन, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते.

एक राहिलंच, बी 12. वनस्पतीत ते नसतं. काही कंपन्या वरून घालतात, काही नाही. दूध-दही पण बंद केलं असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांशी बोल, यात टाळाटाळ नको.

प्रश्न (लातूर): आम्ही सोयाबीनवाले. जगभर सोयाचे बर्गर खपायला लागले तर आमच्या मालाला भाव मिळेल का?

दादा, मला हो म्हणायला फार आवडलं असतं. पण खोटी आशा दाखवणार नाही.

तुमचं सोयाबीन मिलमध्ये जातं तेव्हा त्यातून साधारण 18 ते 20 टक्के तेल निघतं आणि बाकी बहुतेक पेंड. भाव ठरतो तो खाद्यतेल बाहेरून किती आणि किती ड्युटीने येतंय यावर आणि पेंडीला मागणी किती यावर. ती पेंड मुख्यत: जाते कुठे, तर कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे मुंबई-पुण्यात जो चिकन बर्गर खातोय तो पण तुमचंच सोयाबीन खातोय, फक्त कोंबडीच्या मार्गाने. ब्रॉयलर कोंबडीचं एक किलो वजन वाढायला दीड ते दोन किलो खाद्य लागतं, आणि त्या एक किलोत पिसं, हाडं, आतडी सगळं आलं. तेच सोया माणसाने सरळ खाल्लं तर कमी सोयाबीनमध्ये जास्त पोटं भरतात. देशासाठी ही चांगली गोष्ट आहे पण तुमच्या क्विंटलच्या भावाला त्याने लगेच उठाव येईल असं नाही.

हा, एक जागा आहे. सोया वडी आणि ग्रॅन्युल्स कसे होतात तर तेल काढलेलं सोयापीठ ओलसर करून एक्सट्रुडर नावाच्या मशीनमध्ये प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत मळलं जातं, तोंडातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुगून जाळीदार, धाग्यांसारखं बनतं. अमेरिकेत 1960 च्या दशकात ही पद्धत आली. जाळीदारपणामुळेच वडी मसाला शोषते आणि चावताना मांसासारखी लागते. खाण्यासाठीचं पीठ आणि जनावरांसाठीची पेंड यात स्वच्छतेचा आणि प्रक्रियेचा फरक असतो, भावात पण फरक असतो, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी लक्ष घालायचं असेल तर तिथे घालावं असं माझं मत आहे. सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात सोया वडीचं पाकीट मात्र बाहेरून पॅक होऊन येतं, हे मला मनापासून खटकतं.

प्रश्न (नाशिक): मी कॉलेजमध्ये आहे. असा बर्गर खाल्ल्याने पर्यावरण वाचतं असं रील्समध्ये सांगतात. खरं आहे?

अमेरिकेसाठी बरंच खरं, आपल्यासाठी थोडं वेगळं. मिशिगन विद्यापीठाने 2018 मध्ये बियॉन्ड बर्गरची तिथल्या बीफ बर्गरशी तुलना केली, हरितगृह वायू 90 टक्के कमी, जमीन 93 टक्के कमी निघाली, अर्थात अभ्यास कंपनीनेच करून घेतला होता. पण कंपनीचा संबंध नसलेले आकडे पण आहेत. 2018 मध्येच सायन्स या नियतकालिकात जगभरातल्या हजारो शेतांची माहिती एकत्र करून एक मोठा पेपर आला. त्यात 100 ग्रॅम प्रोटीनमागे हरितगृह वायूंचं सरासरी उत्सर्जन (कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात) असं निघतं: मांसासाठीच पाळलेल्या गुरांचं बीफ 50 किलो, मेंढी-बकरी 20, कोंबडी 5.7, टोफू 2, वाटाणा 0.4.

आता तूच बघ. रील्समधले ते मोठेमोठे आकडे बीफच्या तुलनेतले असतात. आपल्याकडे 'मांसाहार' म्हणजे बहुतेक घरांत कोंबडी, कधीमधी मटण, मासे. कोंबडीच्या जागी असा बर्गर खाल्लास तर फरक पडतो पण रीलमध्ये सांगतात तेवढा नाही. मटणाच्या जागी खाल्लास तर चांगलाच पडतो. आणि वाटाण्याचा आकडा परत एकदा वाच, कारण आपल्या कटाची आमटी, उसळ, मिसळ, पिठलं हे सगळं त्याच्या आसपास येतं.

प्रश्न (डोंबिवली): या कंपन्या तर बुडाल्या असं वाचलं. मग हे फॅडच होतं ना?

बियॉन्डचा शेअर मे 2019 मध्ये 25 डॉलरला आला, पहिल्याच दिवशी 65 च्या वर बंद झाला, जुलैमध्ये 200 पार गेला आणि 2023 संपताना 10 च्या खाली होता. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत मॅकप्लान्ट या वनस्पतीच्या बर्गरची चाचणी घेतली, ती पुढे नेली नाही. लोकांनी एकदा उत्सुकतेने खाल्ला, पण दुसऱ्यांदा घेताना किंमत बघितली आणि पाकिटामागची लांबलचक यादी बघितली. आपल्याकडे पण रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी 2021 मध्ये इमॅजिन मीट्स आणलं, त्यात बर्गरपेक्षा कबाब, बिर्याणी असं आपल्या ताटातलं जास्त होतं, आणि तो विचार मला योग्य वाटतो. शेअर पडला म्हणजे गरज संपली असं नाही, मटण कमी करायला सांगितलेला कोल्हापूरचा वाचक वरच आहे.

प्रश्न (रत्नागिरी): ताई, नातवंडं मे महिन्यात येतात आणि बर्गर बर्गर करतात. घरी करता येईल का? आमच्याकडे फणस भरपूर, त्याचा चालेल?

आजी, हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला, निवांत उत्तर देता यावं म्हणून. कोवळ्या फणसाचे धागे खरंच मांसासारखे सुटतात, भाजी करतानाच दिसतं, परदेशात त्याचं फार कौतुक चाललंय. पण प्रोटीन 100 ग्रॅमला जेमतेम दोन ग्रॅम, म्हणून नुसता फणस नको, सोयाबरोबर घ्या.

सहा पॅटींसाठी: 100 ग्रॅम सोया ग्रॅन्युल्स गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून. एक वाटी राजमा मऊ शिजवून, पाणी पूर्ण निथळून, हाताने कुस्करून, पेस्ट नको. उकडलेल्या कोवळ्या फणसाचे धागे वाटीभर, ते पण पिळून. चार चमचे बेसन कोरडंच खमंग भाजून, हे बांधून ठेवतं आणि कच्चट वास येत नाही. अर्धं बीट किसून. कांदा परतलेला, लसूण, मिरपूड, मीठ बेताचं, असतील तर दोन कोकमं भिजवून त्याचा घट्ट आगळ. चव बघा, इथेच काय ते कमीजास्त करा.

आता मुख्य गोष्ट. मांसाच्या बर्गरला रसरशीतपणा येतो तो चरबी तव्यावर वितळते म्हणून, आणि त्या मोठ्या कंपन्या पण हेच काम खोबरेलकडून करून घेतात. थंडीत बाटलीत खोबरेल थिजतं ना, साधारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट होतं. मे महिन्यात रत्नागिरीत ते पाण्यासारखं असणार, म्हणून खायचं घाण्याचं खोबरेल वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, दगडासारखं झालं की दोन चमचे किसणीवर पटकन किसा आणि मिश्रणात शेवटी, हलक्या हाताने मिसळा. मळत बसलात तर हाताच्या उबेने वितळून जाईल. लगेच पॅटी थापून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा.

तवा लोखंडी, चांगला तापलेला, पॅटी टाकली की चार मिनिटं तिला हात लावायचा नाही, खालून खरपूस पापुद्रा धरला की मगच उलटायची, आधी उलटली तर मोडते. एका पॅटीत साधारण 12 ग्रॅम प्रोटीन होतं. मुलांसाठी बर्गरचा गोड पाव आणायची गरज नाही, लादीपाव त्याच तव्यावर शेकून घ्या, आत कांद्याची चकती, काकडी आणि तुमच्या घरची लसणाची ओली चटणी. आणि उरलेल्या पॅटी बटर पेपरमध्ये एकेक वेगळ्या गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवल्यात तर दोन आठवडे टिकतात, फक्त तव्यावर टाकताना वितळू देऊ नका, तशाच थंड टाका.